क्लासिक, प्रोसील की आयजेल: फ्रीलान्सच्या बॅगेत काय ठेवावं

एका तरुण भूलतज्ज्ञ डॉक्टरचा प्रश्न असा आला आहे: "डीएनबी झालं, आता दादर ते बोरिवली पट्ट्यात फ्रीलान्स सुरू करतेय. सुप्राग्लॉटिक स्वतःचे विकत घ्यायचे आहेत. एक सिनियर सर म्हणतात क्लासिक एलएमए पुरे, त्यांची हयात त्यावर गेली. बॅचमेट म्हणतो आयजेल सोडून दुसरीकडे बघूच नको. मी शिकले प्रोसीलवर. यातला सरस कोणता, आणि लॅप कोलीला टाकावा का?"

नवख्यांसाठी: सुप्राग्लॉटिक म्हणजे भुलेत स्वरयंत्राच्या वर बसणारं श्वासाचं उपकरण; क्लासिक एलएमए (लॅरिंजियल मास्क एअरवे), प्रोसील, आयजेल हे त्याचेच प्रकार. लॅप कोली म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणं. आधी उत्तर देते, कारणं मग. ड्रेन (पोटातलं बाहेर यायला वेगळी नळी) असलेला घ्या. ड्रेन नसलेला स्वतःचे पैसे घालून घेऊ नका. ड्रेनवाल्यांपैकी नेमका कोणता, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. ज्यावर हात बसलाय तो. तुमचा प्रोसीलवर बसलाय, आणि प्रोसील ज्याला नीट बसवता येतो त्याला बाकीचे जड जात नाहीत.

या विषयावरचे तुलनेचे पेपर काढून बघा. लीक प्रेशर (किती दाबाला हवा गळते) किती, पहिल्या प्रयत्नात किती बसले, किती सेकंद लागले, किती जणांचा घसा दुखला, याभोवतीच सगळं फिरतं. हे आकडे खोटे नाहीत, पण दहा सेकंद लवकर बसला म्हणून कुणा पेशंटचं भलं झालेलं माझ्या पाहण्यात नाही. मी प्रत्येक उपकरणाला वेगळाच प्रश्न विचारते: हा चुकीचा बसला असेल तर मला कळणार कसं, आणि किती लवकर?

क्लासिकची निंदा करायचं कारण नाही. डॉ. आर्ची ब्रेन यांनी लंडनमध्ये १९८१ साली त्याची सुरुवात केली, १९८३ मध्ये पहिला लेख आला आणि १९८८ पासून ब्रिटनमध्ये तो बाजारात मिळू लागला. त्याआधी एक तर जबडा उचलून मास्क धरून बसा, नाहीतर श्वासनलिकेत ट्यूब टाका, असा मामला होता. सिलिकॉनचा तो साधा मास्क ग्लॉटिसवर (स्वरयंत्राच्या तोंडावर) बसतो, साधारण २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत हवा धरून ठेवतो, आणि स्वतःहून श्वास घेणाऱ्या पेशंटला अर्धा-पाऊण तास अगदी गुण्यागोविंदाने चालतो. डी अँड सी, ब्रेस्टची गाठ, गळवाचा ड्रेनेज, हाताचं फ्रॅक्चर. तुमच्या सरांची हयात अशाच केसेसवर निर्धोक गेली असेल, तर त्यात नवल नाही.

अडचण अशी की क्लासिक चुकीचा बसला तरी तसं सांगत नाही. टोक इसोफेगसच्या (अन्ननलिकेच्या) तोंडाशी आहे की वरच अडकलंय, की उलटं वळून घडी पडलीय, याचा बाहेरून पत्ता लागत नाही. बॅग हलतेय, छाती वर येतेय, कॅप्नोवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मॉनिटरवर) डोंगर दिसतायत, म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो. पोटातून काही वर आलं तर त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि मास्कच्या वाडग्यात साठलेलं थेट ग्लॉटिसवर जातं. ब्रिटनमध्ये २००८-०९ या वर्षभरात झालेलं एनएपी ४ हे एअरवेच्या (श्वासमार्गाच्या) गुंतागुंतींचं सर्वेक्षण २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे वर्षाला सुमारे २९ लाख जनरल अ‍ॅनेस्थेशिया दिले जात होते आणि त्यांपैकी ५६ टक्के पेशंटना सुप्राग्लॉटिक उपकरणं वापरली जात होती. भुलेच्या काळात एअरवेमुळे जे मृत्यू नोंदले गेले, त्यांत सगळ्यात मोठं कारण पोटातलं फुप्फुसात जाणं, म्हणजेच अ‍ॅस्पिरेशन निघालं. 'इंट्युबेट करता आलं नाही' हे नव्हे, अ‍ॅस्पिरेशन. ज्यांना मुळात ट्यूबच टाकायला हवी होती अशा पेशंटना पहिल्या पिढीचा (ड्रेन नसलेला) मास्क टाकलेला, ही त्यातली वारंवार दिसणारी गोष्ट. त्यानंतर दुसऱ्या पिढीची उपकरणं प्रत्येक ठिकाणी हाताशी असावीत हा आग्रह सुरू झाला, आणि तो मला पटलेला आहे.

दुसऱ्या पिढीची सुरुवात २००० साली प्रोसीलने झाली. तोही ब्रेन यांचाच. शेजारी शेजारी दोन नळ्या, एक श्वासाची आणि एक थेट टोकापर्यंत जाणारी ड्रेनची, मोठ्यांच्या साइझमध्ये मागच्या बाजूला आणखी एक कफ, आणि नळी चावली जाऊ नये म्हणून दातांखाली बाइट ब्लॉक. सील साधारण ३० च्या आसपास जातो. बाकी सगळ्यांनी पुढे जे केलं ते या नळीवरचे वेगवेगळे प्रयोग आहेत. ही नळी पोट रिकामं करायला दिलीय असं कंपनीचा माणूस सांगतो. ते खरंच आहे, पण माझ्या लेखी तिचा पहिला उपयोग निदानाचा.

तुम्ही प्रोसीलवर शिकलात म्हणजे हे केलं असेल, तरी नीट लिहिते, कारण घाईच्या लिस्टमध्ये हेच गाळलं जातं. बसवून, कफ भरून झाला की ड्रेनच्या बाहेरच्या तोंडावर पाण्यात विरघळणाऱ्या जेलीचा एक थेंब ठेवा, तोंड बुजेल एवढाच. आता बॅग हलकेच दाबा. थेंब फुगून फुटला, बुडबुडे आले, तर श्वासाची हवा ड्रेनमध्ये शिरतेय. टोक पुरेसं खोल गेलेलं नाही. आणखी आत सरकवा. नाही फुटला, तर सुप्रास्टर्नल नॉचवर (गळ्याखालच्या खळगीवर) बोटाने हलके दोन-तीन टिचके मारा. थेंब प्रत्येक टिचकीसरशी किंचित खाली-वर होतो. टोक क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेच्या) मागे, इसोफेगसच्या तोंडाशी बसलं असेल तरच हे होतं. अजिबात हलला नाही, तर घडी पडल्याची शंका घ्या आणि रायल्स ट्यूब (जठरात जाणारी बारीक नळी) ड्रेनमधून घालून बघा. टोकाशी येऊन अडली तर घडी नक्की. या अवस्थेत व्हेंटिलेशन बेमालूम चांगलं असू शकतं, आणि तुमच्याकडे मग ड्रेनचं नाव असलेला क्लासिक असतो. काढा, परत बसवा. चौथी शक्यता म्हणजे टोक थेट ग्लॉटिसमध्ये घुसलेलं. तेव्हा बॅग घट्ट लागते, छातीवर दाबलं की हवा ड्रेनमधून येते. तोही काढायचाच. एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण) खाली दुमडलं असेल तर ड्रेन सगळं आलबेल सांगतो आणि श्वास मात्र अडतो; मास्क न काढता थोडा वर घेऊन परत खाली सरकवला की बहुतेकदा सुटतं.

हे सगळं करायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात सर्जन हात धुऊन यायचे असतात.

प्रोसीलचं दुखणं म्हणजे तो बसवणं. मऊ, मोठा, टोक वळायला सदा तयार. इंट्रोड्यूसर (मास्क आत न्यायचं हँडल) वापरा. तरी जमलं नाही तर लॅरिंगोस्कोप घालून बूजीचं (लांब, लवचिक काडीचं) सरळ टोक इसोफेगसमध्ये सोडायचं आणि ड्रेनमधून प्रोसील त्यावर ओवून खाली न्यायचा. हे तंत्र ज्याला येतं त्याच्या प्रोसीलची घडी पडत नाही. दुसरं, हा रीयुजेबल आहे, त्यामुळे पहिल्यांदा खिशाला चाट बसते आणि मग वर्षभर चालतो.

आयजेल २००७ चा, ब्रिटिश भूलतज्ज्ञ डॉ. मुहम्मद नासिर यांनी आखलेला. फुगवायचा कफच नाही; मऊ थर्मोप्लास्टिकचा घडवलेला आकार, घशाच्या आकारात जाऊन बसतो. तुमचा बॅचमेट त्याच्या प्रेमात का आहे ते समजू शकतं. सिरिंज नको, दाब मोजायचा मॅनोमीटर नको, घडी पडायची भीती जवळपास नाही, रात्रीच्या सिझरला ट्यूब जाईना तेव्हा हात थरथरत असतानाही बसतो. सील विशीच्या मध्यावर, प्रोसीलपेक्षा थोडा कमी. बसवल्याबरोबर थोडी गळती असेल तर दोन-चार मिनिटं थांबून परत बघा; बरेचदा कमी झालेली असते. लगेच उपसून मोठी साइझ घालायला धावू नका.

त्याचे दोष फारसे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. ड्रेन अरुंद आहे: ३ आणि ४ नंबरमधून १२ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) रायल्स जाते, तर प्रोसील ४ मधून १६ ची. पातळ पित्त दोन्हींतून येईल, खिचडी १२ मधून येणार नाही. दांडा जाड आणि ताठ आहे, जीभ आत ढकलली जाते, म्हणून बसवल्यावर जीभ आणि ओठ दातांत सापडलेत का ते बघा. आणि तो बाहेर सरकतो. वरच्या जबड्याला, एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत टेप लावल्याशिवाय सोडायचा नाही. लहान मुलांच्या दीड आणि दोन नंबरला तर हे फारच जाणवतं. नुसती बेनची सर्किट (श्वासाची जोडनळी) ओढली गेली तरी वर येतो. एक नंबरच्या आयजेलला ड्रेनच नसतो, हेही ध्यानात असू द्या. पुष्कळांना ठाऊक नसतं.

साइझ वजनावर आहे: ३ नंबर ३० ते ६० किलो, ४ नंबर ५० ते ९०, ५ त्यापुढे. म्हणजे ५० ते ६० किलोच्या बाया, ज्या आपल्या लिस्टमध्ये सर्वांत जास्त, त्या दोन्हींत बसतात. मी तोंड उघडायला लावते. उंची बरी, जबडा रुंद तर ४. बुटकी, तोंड लहान तर ३. आणि वजन म्हणजे असायला हवं ते वजन, काट्यावरचं नव्हे. पंच्याण्णव किलोच्या पाच फुटी बाईच्या घशाला वजन वाढलं म्हणून पाच नंबर लागत नाही.

सुप्रीमही २००७ चाच, एकदाच वापरायचा, पीव्हीसीचा, आधीच वळवलेला. प्रोसीलपेक्षा पुष्कळ सोपा बसतो, सील त्याच्या जवळपास, ड्रेन १४ चा. वरच्या ओठापासून त्याची पट्टी दीड ते दोन सेंटिमीटरवर राहिली की साइझ बरोबर. पट्टी ओठाला टेकली तर मोठा नंबर हवा होता. मला तो आवडतो. मात्र ड्रेन मधोमध गेल्याने श्वासाचा मार्ग दोन चिंचोळ्या फटींत वाटला जातो, त्यामुळे त्यातून ट्यूब टाकायचा विचार सोडून द्या.

ऑरागेन या आणखी एका प्रकारात ट्यूब टाकायची सोय आहे, ड्रेनही रुंद आहे. प्रोटेक्टरच्या पायलटवरच (कफला जोडलेल्या बाहेरच्या भागावर) दाबाचे रंगीत पट्टे आहेत: हिरवा म्हणजे ४० ते ६०, लाल म्हणजे ७० च्या वर. ही कल्पना सगळ्यांनी उचलायला हवी होती. बास्काचा कफ श्वासाच्या दाबानेच फुगतो आणि सील तिशीच्या पुढे जातो. पण बसवायला हात बसावा लागतो आणि फ्रीलान्सच्या हिशेबात तो महाग पडतो. ब्लॉकबस्टर मुख्यतः ट्यूब टाकण्यासाठी. नाक-कान-घसा आणि डेंटलला फ्लेक्सिबलच लागतो, वळवता येणारी नळी तोंडाच्या कोपऱ्यात जाते. त्या केसेस करणार असाल तर एकच घ्या, रोजच्या बॅगेत नको.

कफ भरण्याबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण कफवाले वापरणाऱ्यांत सर्वांत मोठी चूक इथे होते आणि ती कुणाला चूक वाटतच नाही. चार नंबरच्या क्लासिकवर ३० एमएल लिहिलंय ते कमाल आहे. थिएटरमधले मामा ३० ची सिरिंज भरून तयार ठेवतात, आपण ती ठासून मोकळी करतो. बहुतेक पेशंटना निम्म्या हवेत काम होतं. कफमधला दाब ६० सेंटिमीटर पाण्याच्या वर जाता कामा नये. वर गेला की सील वाढत नाही, उलट मास्क ताठ होऊन गळतो. घसा दुखतो, आणि क्वचित लिंग्वल, हायपोग्लॉसल किंवा रिकरंट लॅरिंजियल नर्व्हला इजा होते. त्यात आपल्याकडच्या अनेक नर्सिंग होममध्ये अजून नायट्रस (भुलेचा एक वायू) चालतो. तो सिलिकॉनच्या कफमध्ये शिरतो आणि सुरुवातीला बरोबर असलेला दाब तासाभरात भलताच होतो. मॅनोमीटर घ्या. मुंबईत गाणाऱ्या, निवेदन करणाऱ्या, वर्गात सहा तास बोलणाऱ्या माणसांना भूल द्यायचा योग वारंवार येतो. 'ट्यूब नको, आवाज जाईल' असं ती माणसं सांगतात आणि आपण एलएमए टाकून त्यांना खूश करतो. मग कफ ठासून भरलेला असला तर उपयोग काय?

आता लॅप कोली.

चालतो. पण कुणाला आणि कुठे, यावर सगळं आहे. ठरवून केलेली केस, सडपातळ किंवा मध्यम बांधा, छातीत जळजळ नाही, उलट्या नाहीत, सर्जन हात बसलेला, पोटात भरलेल्या गॅसच्या १२ च्या आसपास दाबावर काम करणारा, कॅप्नो चालू, तर ड्रेनवाला टाकून मी करते. वरचे सगळे निकष जुळले पाहिजेत, एक जरी निसटला तर ट्यूब. क्लासिकवर लॅप कोली करू नये. कितीही जणांनी केली असली तरी. बसवल्यावर आधी जेलीची तपासणी, मग रायल्स घालून जठर रिकामं. मग लीक प्रेशर: व्हॉल्व्ह बंद, फ्लो ३ लिटर, आणि दाब कुठे स्थिरावतो ते बघायचं. ४० च्या वर कधी जाऊ द्यायचा नाही. पोटात गॅस भरल्यावर पीक प्रेशर (श्वास भरतानाचा कमाल दाब) वाढणार, म्हणून हा आकडा आत्ताच्या पीकच्या बराच वर असायला हवा. आयजेल २२ ला गळतोय आणि गॅस भरायच्या आधीच पीक १७ आहे, तर मी तिथेच ट्यूब टाकते, गॅस भरून झाल्यावर नाही. रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) द्यायला हरकत नाही, उलट द्यावाच. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) ६ ते ८ एमएल प्रति किलो, प्रेशर कंट्रोल असेल तर तो, थोडा पीप (श्वास सोडल्यावरही राखलेला दाब).

कोलीला डोकं वर असतं, ते आपल्या बाजूचं. गायनॅकच्या लॅपला डोकं खाली जातं आणि गणित उलटं होतं. तिथे मी फार हात आखडता घेते. शिवाय सर्जनचं "वीस मिनिटं हो मॅडम" हे माप तुम्हाला लवकरच कळेल. तीव्र कोलेसिस्टायटिस, अडलेलं आतडं, अपघात, गरोदर बाई, मुरलेला डायबिटीस आणि जेवल्यावर तासन्तास पोट जड राहण्याची तक्रार: इथे चर्चाच नाही, ट्यूब.

पोट रिकामं आहे का, हा प्रश्न उपकरणाच्या आधी येतो, आणि तो नीट विचारावा लागतो. अंगारकीच्या दिवशी डी अँड सीला आलेली बाई "काही खाल्लं नाही, उपवास आहे" म्हणते, आणि सकाळी साडेसातला साबुदाण्याची खिचडी झालेली असते. ती खोटं बोलत नसते. म्हणून 'उपाशी आहात का' असं विचारूच नका. 'सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं, चहा धरून' असं विचारा. चहा दुधाचा असतो, त्याला सहा तास, पाण्याला दोन. तळलेलं असेल तर आठ. आणि आता नवीन भर पडली आहे वजन कमी करण्याच्या आठवड्याच्या इंजेक्शनांची. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. जठर रिकामं व्हायला यांनी उशीर होतो, आठ तास उपाशी असूनही आत अन्न सापडू शकतं. पेशंट हे औषध म्हणून सांगत नाहीत, कारण ते फॅमिली डॉक्टरने दिलेलं नसतं. नाव घेऊन विचारा. शंका आली आणि नर्सिंग होममध्ये सोनोग्राफीचं मशीन मोकळं असेल तर अँट्रम (जठराचा खालचा भाग) बघून घ्या. घट्ट अन्न दिसलं, किंवा पातळ असून किलोमागे दीड एमएलच्या वर निघालं, तर एलएमएचा विषय संपला.

तोंड किती उघडतं तेही तुम्ही स्वतः बघा, फॉर्मवर 'नॉर्मल' लिहिलेलं असलं तरी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुपारी आणि मावा मात्र कोपऱ्यावर मिळतो आणि सबम्युकस फायब्रोसिसचे (तोंड आखडण्याच्या आजाराचे) तिशीतले पेशंट येतच राहतात. दीड बोट उघडणाऱ्या तोंडात आयजेल जात नाही, त्याला अडीच सेंटिमीटर तरी हवेत. ज्याचं तोंड भूल देऊनही उघडत नाही त्याच्या बाबतीत सुप्राग्लॉटिक हा प्लॅन बी नसतोच, हे इंडक्शनच्या (भूल सुरू करण्याच्या) आधी मनात पक्कं असायला हवं. तसा पेशंट मोठ्या हॉस्पिटलला पाठवा, फायबरऑप्टिक दुर्बीण असेल तिथे.

प्लॅन बीबद्दल: ट्यूब जात नाही तेव्हा काय करायचं याच्या भारतीय मार्गदर्शक सूचना ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये काढल्या. त्या लेखाच्या पहिल्या लेखिका आपल्या परळच्या टाटा मेमोरिअलच्या डॉ. शीला मायत्रा. त्यात सुप्राग्लॉटिकचे प्रयत्न दोनच दिलेत, आणि नाकातून ऑक्सिजन चालू ठेवायचा. दोनच, कारण तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत घसा सुजलेला आणि रक्ताळलेला असतो. मेडिकल कॉलेजमध्ये हाक मारली की चार जण धावून येतात. कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सिंग होममध्ये तुम्ही एकट्या असता, आणि जुलैत हिंदमाताला पाणी भरलेलं असताना दुसरा भूलतज्ज्ञ तासाभरात पोचला तरी नशीब. त्यामुळे तुमच्या बॅगेतला एक सीलबंद ड्रेनवाला प्लॅन बीसाठी राखीव राहिला पाहिजे. लिस्ट लांबली म्हणून तो फोडायचा नाही.

ड्रेनमधून हिरवं पाणी आलं तर? सगळ्यांचा पहिला हात मास्क उपसायला जातो. तो आवरा. मास्क जागेवर असताना तोच वरच्या घाणीला अडवून धरतोय. उपसलात की मागे साठलेलं सगळं ग्लॉटिसवर ओतलं जाईल. सर्जनला थांबवा, डोकं खाली, शंभर टक्के ऑक्सिजन, भूल खोल करा, ड्रेनमधून आणि गरज पडली तर श्वासाच्या नळीतून सक्शन. मग सॅच्युरेशन, छातीचे आवाज, ट्यूब टाकायची की कसं ते ठरवा. पेशंटची भूल हलकी असताना हे होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून प्रोपोफॉलला (भुलेच्या इंजेक्शनला) कंजुषी नको. किलोला दोन ते अडीच मिलिग्रॅम, आणि जबडा पुढे ओढल्यावर पेशंटने काहीच हालचाल केली नाही तरच मास्क घालायचा.

पुन्हा वापरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्याच महिन्यात प्रश्न उभा राहील. क्लासिक आणि प्रोसील ४० वेळांसाठी आहेत, १३४ अंशांवर ऑटोक्लेव्ह, आणि त्याआधी कफमधली हवा पूर्ण काढलेली हवी. थोडी जरी राहिली तर ती आत प्रसरण पावून कफला फुगा येतो. नर्सिंग होमच्या ड्रॉवरमध्ये पिवळट पडलेला, वापराच्या नोंदीचं कार्ड हरवलेला क्लासिक मिळाला तर तो कितव्यांदा वापरतोय हे कुणीच सांगू शकत नाही. हवा भरून बघा, एका बाजूला टेंगूळ आलं तर सरळ कचऱ्यात. आयजेल, सुप्रीम हे एकदाचेच आहेत. आपल्याकडे ते धुऊन, ईटीओ (गॅसने निर्जंतुक) करून परत वापरतात हे उघड गुपित आहे. जेली आणि लाळेचे प्रथिनांचे थर धुतल्याने पूर्ण जात नाहीत, आयजेलच्या ड्रेनच्या अरुंद नळीतून तर नाहीच. मी करत नाही, आणि त्याचे पैसे पेशंटच्या बिलात वेगळे लावा असं मालकांना आधीच सांगते. पहिल्या दोन-तीन ठिकाणी कुरकुर होईल. परवडत नसेल तर त्यावरचा प्रामाणिक मार्ग म्हणजे दोन प्रोसील घेऊन त्यांची वही ठेवणं. तुमच्यासाठी मला तोच योग्य वाटतो.

तेव्हा बॅग अशी: प्रोसील ३ आणि ४ एकेक, इंट्रोड्यूसर आणि बूजीसह. आयजेल ३, ४ आणि ५ सीलबंद, हे प्लॅन बीचे. मुलांच्या केसेस घेणार असाल तर दीड, दोन, अडीच. नसाल तर उगाच भार वाढवू नका. मॅनोमीटर, १२ आणि १६ च्या रायल्स, पाण्यात विरघळणारी जेली. झायलोकेन जेली नको, घसा बधिर होऊन पेशंट जागा होताना स्वतःचं रक्षण करू शकत नाही. पोर्टेबल कॅप्नो स्वतःचा घ्या, कारण ज्या थिएटरमध्ये तो नाही तिथे मी मास्कही टाकत नाही आणि ट्यूबही. आयजेल ३ मधून ६ नंबरची आणि ४ मधून ७ नंबरची ट्यूब जाते, स्कोप असेल तर त्यावरून. आंधळेपणी ढकलू नका. त्या दोन ट्यूब आयजेलच्याच कप्प्यात ठेवा आणि घरी जेली लावून एकदा आरपार घालून बघा. काही कंपन्यांच्या ट्यूबचा कफ जाड असतो, तो आत अडतो.